बिंब आणि द्रव्य : ग्रहभेदाच्या विचाराचा एक इतिहास

१

मराठीत ‘ग्रह’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. स्थिर तारकांमधून सरकत जाणारी ज्योती हा एक अर्थ. मनाने पकडून ठेवलेली समजूत हा दुसरा. ‘त्याचा असा ग्रह झाला’ या वाक्प्रयोगातला किंवा ‘पूर्वग्रह’ या शब्दातला ग्रह दुसऱ्या अर्थाचा आहे. दोहोंच्या मुळाशी धरणे, पकडणे या अर्थाचा एकच संस्कृत धातू आहे. ग्रहांविषयीच्या विचाराचा इतिहास पाहू लागले की हे दोन अर्थ परस्परांपासून फार दूर गेलेले नाहीत, असे दिसते. गुरू एवढा मोठा आणि बुध एवढा लहान का, मंगळ खडकाचा आणि शनी वायूचा का, हे प्रश्न आज शालेय पाठ्यपुस्तकात सहज विचारले जातात. परंतु ते या स्वरूपात विचारता येण्यापूर्वी ग्रहांविषयीचे अनेक ग्रह सुटावे लागले. हा प्रवास युरोपात कसा झाला हे बहुश्रुत आहे. आपल्याकडे तो कसा झाला, आणि त्याचा एक महत्त्वाचा टप्पा बंगळूरच्या परिसरात कसा गाठला गेला, याकडे मात्र वाङ्मयाच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

ग्रहांमध्ये भेद आहे ही जाणीव प्राचीन आहे. मंगळाचा तांबूस वर्ण, शुक्राचे प्रखर तेज आणि शनीची मंद गती डोळ्यांना दिसत होती. या दृश्य भेदांचा अर्थ लावण्याच्या दोन परंपरा येथे निर्माण झाल्या. पहिली फलज्योतिषाची. वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी यांना अनुक्रमे अग्नी, पृथ्वी, आकाश, जल आणि वायू ही पाच महाभूते वाटून दिलेली आढळतात. ही वाटणी सुबक आहे; पाच ग्रह आणि पाच भूते यांचा मेळ तीत नेमका बसतो. तथापि, द्रव्याची तपासणी हा तिचा हेतू नव्हता. ग्रहांना स्वभाव द्यावयाचा आणि त्या स्वभावावरून माणसाचे भवितव्य वाचावयाचे, हा तिचा हेतू होता. शनी वायुतत्त्वाचा, असे त्या ग्रंथात आहे आणि शनी वायूंचा बनलेला आहे, असे आजचे विज्ञानही सांगते, म्हणून काही उत्साही अभ्यासक दोहोंत नाते जोडू पाहतात. परंतु त्याच वाटणीत गुरूला आकाश आणि शुक्राला जल मिळालेले आहे, ही गोष्ट ते सोयीस्करपणे विसरतात.

दुसरी परंपरा सिद्धान्तकारांची. आर्यभटाने चंद्र जलमय, सूर्य अग्निमय आणि पृथ्वी मृण्मय असल्याचे म्हटले आहे. पृथ्वी, ग्रह आणि तारका या गोलांचा अर्धा भाग सूर्यप्रकाशाने उजळतो आणि उरलेला अर्धा स्वतःच्या छायेने काळा असतो, असेही त्याने मांडले आहे. ग्रह हा गोल आहे आणि तो परप्रकाशित आहे, या कल्पनेत त्याच्याकडे वस्तू म्हणून पाहण्याची सुरुवात आहे. ‘सूर्यसिद्धान्ता’ने तर त्या वस्तूचे मापही दिले. चंद्राच्या कक्षेवर कल्पिलेले मंगळाचे बिंब ३० योजने, शनीचे साडेसदतीस, बुधाचे ४५, गुरूचे साडेबावन्न आणि शुक्राचे ६० योजने, असे तेथील आकडे आहेत. साडेसात-साडेसात योजनांची ही चढण पाहताच लक्षात येते की येथे मोजमापापेक्षा तेजाची प्रतवारी अधिक आहे. दुर्बिणीवाचून ग्रहबिंबाचा व्यास मोजणे शक्यही नव्हते.

या आकड्यांच्या पाठीमागे आणखी एक गृहीत होते. सर्व ग्रह आपापल्या कक्षेत दररोज सारखीच योजने चालतात, असे सिद्धान्तकार मानीत. ज्याला एक फेरी पुरी करावयास अधिक काळ लागतो त्याची कक्षा त्याच प्रमाणात मोठी, हा त्याचा सरळ निष्कर्ष. या हिशेबाने शनीची कक्षा चंद्राच्या कक्षेच्या सुमारे ३९४ पट ठरते. आणि साडेसदतीस योजनांना तेवढ्याने गुणले तर शनीचा गोल सुमारे १४,८०० योजनांचा, म्हणजे त्याच ग्रंथात सांगितलेल्या ६,५०० योजनांच्या सूर्याच्या दुपटीहूनही मोठा होतो. चूक गुणाकारात नाही, गृहीतात आहे. समान गतीचे तत्त्व सुंदर होते, आणि सौंदर्यामुळेच ते दीर्घकाळ टिकले. ग्रहांतील भेद एखाद्या एकाच साध्या नियमातून निघावेत ही अपेक्षा मानवी बुद्धीला सहजासहजी सोडवत नाही. पुढील इतिहासातही ती वारंवार डोके वर काढताना दिसेल.

२

सिद्धान्तपरंपरेने स्वतःला सुधारण्याचे एक साधन मात्र जपले होते. ते म्हणजे दृक्प्रत्यय : गणिताने आलेली ग्रहस्थिती आकाशात दिसणाऱ्या स्थितीशी जुळली पाहिजे, हा आग्रह. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० च्या सुमारास रचलेला ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ याच आग्रहातून जन्मला आणि महाराष्ट्रातील पंचांगांचा शतकानुशतके आधार झाला. परंतु दृक्प्रत्ययाची ही कसोटी ग्रहाच्या स्थानापुरतीच होती. ग्रह कोठे आहे याची शहानिशा होत असे. तो कशाचा आहे याची शहानिशा करण्याचे साधनच कोणापाशी नव्हते.

ते साधन एका अप्रत्यक्ष मार्गाने मिळाले. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने ग्रहांचे वस्तुमान काढता येऊ लागले, दुर्बिणीने त्यांचे व्यास मोजता येऊ लागले, आणि १७९८ साली कॅव्हेंडिशने प्रयोगशाळेत पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या सुमारे साडेपाचपट असल्याचे ठरवले. त्यामुळे ग्रहांच्या घनतांची तुलना शक्य झाली. घनता हा द्रव्याचा पहिला साक्षीदार होय. आजचे आकडे घेतले तर पाण्याच्या मानाने बुधाची घनता ५.४, शुक्राची ५.२, पृथ्वीची ५.५ आणि मंगळाची ३.९ आहे. उलट गुरूची १.३, शनीची अवघी ०.७, युरेनसची १.३ आणि नेपच्यूनची १.६. गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट आणि शनीचे ९५ पट. तरी त्यांचे द्रव्य इतके विरळ. सूर्याजवळ लहान व जड ग्रह, सूर्यापासून दूर मोठे व हलके ग्रह, ही विभागणी एकदा दिसली की ती योगायोगाची मानणे कठीण जाते.

हे नवे आकाश मराठी वाचकाच्या घरी आणण्याचे मोठे काम शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी केले. दापोलीजवळच्या मुरूडचे दीक्षित (१८५३–१८९८) व्यवसायाने शिक्षक होते. १८९६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास हा मराठी संशोधनपर गद्याचा एक मानदंड आहे, तर ‘ज्योतिर्विलास’ हे पुस्तक सामान्य वाचकासाठी होते. प्राचीनांविषयीचा आदर आणि त्यांच्या आकड्यांची निर्भीड तपासणी या दोन वृत्ती दीक्षितांच्या लेखनात सुखाने एकत्र नांदतात. ग्रहभेदाचा विचार मराठीत करण्यास लागणारी भाषा, शांत, मोजकी, पारिभाषिक संज्ञांना न घाबरणारी, त्यांच्या पिढीने घडवली.

त्याच पिढीतले व्यंकटेश बापूजी केतकर यांचे उदाहरण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. १८५४ साली नरगुंद येथे जन्मलेले केतकर तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील आणि आजच्या कर्नाटकातील बागलकोट-विजापूर भागात शिक्षक म्हणून राहिले. मराठी आणि कन्नड यांच्या सीमेवरील त्या गावांत, कोणत्याही मोठ्या वेधशाळेच्या आधारावाचून, त्यांनी ‘ज्योतिर्गणितम्’सारखे ग्रंथ रचले आणि पंचांग दृक्प्रत्ययी असावे यासाठी आयुष्य वेचले. १९११ साली फ्रेंच ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत, असे भाकीत केले. लाप्लासने गुरूच्या उपग्रहांच्या गतींत दाखवलेल्या संख्यासंबंधाचा त्यांनी आधार घेतला होता. त्या कल्पित ग्रहांना त्यांनी ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. त्यांपैकी ब्रह्मा पृथ्वी–सूर्य अंतराच्या सुमारे ३९ पट अंतरावर असून त्याची फेरी सुमारे २४२ वर्षांची असावी, असे त्यांचे गणित होते. १९३० साली प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट आणि प्रदक्षिणेचा काळ २४८ वर्षे. त्याच वर्षी केतकर निवर्तले.

हा मेळ आश्चर्यकारक आहे, आणि केतकरांच्या चाहत्यांनी त्याचा गौरव केला तो स्वाभाविक होय. तरीही त्याची मर्यादा पाहणे आवश्यक आहे. १९७८ साली प्लूटोचा उपग्रह शॅरन सापडल्यावर प्लूटोचे वस्तुमान कळले. ते पृथ्वीच्या पाचशेव्या हिश्श्याच्या आत-बाहेर निघाले. सुमारे २,३७७ किलोमीटर व्यासाचा हा खडक-बर्फाचा गोल आपल्या चंद्राहूनही लहान आहे, आणि २००६ पासून त्याची गणना बटुग्रहांत होते. संख्यांच्या मेळावरून केतकरांनी स्थान वर्तवले. तेथे असणारी वस्तू किती मोठी आणि कशाची असेल, हे त्या मेळातून निघणे शक्यच नव्हते. अंतरांचा नियम आणि द्रव्याचा नियम या भिन्न गोष्टी आहेत. एक आकाशाच्या भूमितीतून मिळू शकतो. दुसरा केवळ त्या वस्तूंच्या जन्मकथेतून.

३

द्रव्याचा शोध घेण्यास लागणारी संस्था मात्र एकट्या अभ्यासकाला उभारता येत नाही. केतकरांच्या बागलकोटपासून दक्षिणेकडे वळले असता त्या संस्थेचा इतिहास लागतो. १७८६ साली मद्रासेत विल्यम पेट्री या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने एक खाजगी वेधशाळा उभारली. पुढे ती कंपनीच्या ताब्यात गेली. याच वेधशाळेतून १८६१ साली नॉर्मन पॉग्सनने ‘एशिया’ हा लघुग्रह शोधला. आशिया खंडातून सापडलेला तो पहिला लघुग्रह. १८९९च्या सुमारास वेधकार्य कोडाईकनालच्या डोंगरावर गेले आणि तेथे सूर्याचा अभ्यास हे प्रमुख कार्य झाले. १९७१ साली या परंपरेतून ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ ॲस्ट्रोफिजिक्स’ ही स्वायत्त संस्था निर्माण झाली, आणि त्याच दशकात तिचे मुख्यालय बंगळूरच्या कोरमंगल भागात आले. रामन संशोधन संस्था, भारतीय विज्ञान संस्था आणि वाढत असलेला अंतराळ कार्यक्रम यांच्या सान्निध्यात हे नगर खगोलविज्ञानाचे केंद्र बनले.

या स्थित्यंतराचे शिल्पकार वेणू बाप्पू (१९२७–१९८२). हैदराबादच्या निजामिया वेधशाळेच्या परिसरात वाढलेल्या बाप्पूंनी १९६० साली कोडाईकनालची सूत्रे घेतली, आणि ताऱ्यांच्या अभ्यासासाठी निरभ्र जागेचा शोध घेत तमिळनाडूतील जवादी टेकड्यांतले कावलूर निवडले. १९६८ साली तेथे ३८ सेंटिमीटरची छोटी दुर्बीण लागली. १९७२ मध्ये एक मीटर व्यासाची दुर्बीण आली. ती कार्यरत होते न होते तोच, ७ जून १९७२ रोजी, तिला एक दुर्मीळ संधी मिळाली. गुरूचा सर्वांत मोठा उपग्रह गॅनिमीड त्या रात्री एका ताऱ्यासमोरून जाणार होता.

या घटनेला पिधान म्हणतात. दूरचा गोल ताऱ्याला झाकतो तेव्हा तारा किती वेळ अदृश्य होता हे मोजले, आणि गोलाची गती ठाऊक असली, की निरीक्षकाच्या रेषेवरील त्या गोलाची रुंदी मिळते. भूमितीच्या भाषेत ती वर्तुळाची एक जीवा. दोन भिन्न ठिकाणांहून दोन जीवा मिळाल्या की वर्तुळ ठरते. सिद्धान्तकारांना परिचित असलेली जीवा येथे एका नव्या कामासाठी उपयोगी पडली. त्या रात्रीचे पिधान कावलूर आणि इंडोनेशियातील लेंबांग येथून नोंदले गेले. गॅनिमीडचा व्यास त्यावरून सुमारे ५,२७० किलोमीटर ठरला. पुढे व्हॉयेजर यानांनी दिलेला आकडा त्याच्या अगदी निकट आहे.

या एका आकड्याचे महत्त्व बुधाशी तुलना केल्यावर कळते. बुधाचा व्यास ४,८८० किलोमीटर. म्हणजे गॅनिमीड हा उपग्रह असूनही बुध या ग्रहापेक्षा मोठा आहे. मात्र त्याचे वस्तुमान बुधाच्या निम्म्याहूनही कमी आहे. बुधाची घनता ५.४, गॅनिमीडची १.९. पहिला मुख्यतः लोखंडाचा, दुसरा जवळजवळ अर्धा खडक आणि अर्धा बर्फ. आकार आणि द्रव्य या गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत, हे यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारी जोडी सूर्यमालेत क्वचितच सापडेल.

गुरूचे चार मोठे उपग्रह एका ओळीत मांडले तर आणखी एक गोष्ट दिसते. आयोची घनता ३.५, युरोपाची ३.०, गॅनिमीडची १.९ आणि कॅलिस्टोची १.८. गुरूपासून जसजसे दूर जावे तसतसे द्रव्य हलके होत जाते. सूर्याभोवती ग्रहांचा जो क्रम आहे, त्याचेच हे लहान प्रतिरूप. नवजात गुरू अतिशय तप्त होता. त्याच्या निकट बर्फ टिकू शकला नाही, दूर अंतरावर टिकला, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. लाप्लासने या उपग्रहांच्या गतींत संख्यांचा मेळ पाहिला आणि केतकरांनी तो सूर्यमालेच्या काठापर्यंत नेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच उपग्रहांनी उष्णतेच्या एका प्राचीन उताराची साक्ष दिली.

त्या रात्रीच्या नोंदीतून आणखी एक निष्कर्ष काढला गेला. तारा एकदम न मावळता किंचित क्रमाक्रमाने मंदावला. यावरून गॅनिमीडला विरळ वातावरण असावे, असे १९७३ साली मांडण्यात आले. त्याचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या दशलक्षांश असावा, असा अंदाज होता. १९७९ मध्ये व्हॉयेजरच्या जंबुपार निरीक्षणांत एवढे वातावरण आढळले नाही. पुढे हबल दुर्बिणीने प्राणवायूचे अत्यंत विरळ आवरण दाखवले. वातावरण आहे हे खरे ठरले, त्याचे प्रमाण मात्र कितीतरी पटींनी कमी निघाले. विज्ञानाच्या इतिहासात अशा अर्ध्या बरोबर निष्कर्षांना मोठे स्थान आहे. दृक्प्रत्ययाची जुनी कसोटी आता द्रव्यालाही लागू झाली होती, आणि ती लावणाऱ्यांना तिचा निकालही मान्य करावा लागत होता.

पाच वर्षांनी, १० मार्च १९७७ रोजी, युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. कावलूर येथे जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी एक मीटरच्या दुर्बिणीवर होते. ताऱ्याचा प्रकाश अनपेक्षितपणे काही सेकंद मंदावला. एखादा अज्ञात उपग्रह मध्ये आला असावा, असा अर्थ त्यांनी प्रथम लावला आणि तसे प्रसिद्धही केले. त्याच रात्री हिंदी महासागरावर उडणाऱ्या अमेरिकी विमान-वेधशाळेतून जेम्स एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रहाच्या दोन्ही बाजूंना अशी मंदावण्याची समरूप मालिका नोंदली होती. सर्व नोंदी एकत्र आल्यावर उलगडा झाला : युरेनसभोवती अरुंद, काळसर कडी होती. शनीनंतर कड्यांचा हा दुसराच ग्रह. ग्रहाच्या फार जवळ असलेले द्रव्य एकत्र येऊन उपग्रह बनू शकत नाही, ते कड्यांच्या रूपातच विखुरलेले राहते, याचे हे नवे उदाहरण होते. कणांनी एकत्र येऊन गोल बनावे हे सर्वत्र घडतेच असे नाही, हा ग्रहजन्माच्या कथेतला एक आवश्यक धडा आहे.

४

ही जन्मकथा आज साधारणपणे अशी सांगितली जाते. १७५५ मध्ये कांटने आणि १७९६ मध्ये लाप्लासने सुचवलेली फिरत्या तेजोमेघाची कल्पना मध्यंतरी मागे पडली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोव्हिएत शास्त्रज्ञ सॅफ्रोनॉव्ह आणि इतरांनी तिला गणिताचे नवे अधिष्ठान दिले. सुमारे ४५६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे अशनींमधील सर्वांत जुन्या कणांच्या वयाइतक्या पूर्वी, वायू आणि धुळीचा एक मेघ आकुंचन पावला. त्याचे बहुतेक द्रव्य केंद्रात जाऊन सूर्य झाला. आजही सूर्यमालेच्या वस्तुमानापैकी ९९.८ टक्क्यांहून अधिक सूर्यातच आहे. उरलेले द्रव्य त्याच्याभोवती चकतीच्या रूपात फिरत राहिले.

या चकतीची घटना जवळजवळ सूर्याचीच होती. सूर्यात हायड्रोजन आणि हीलियम मिळून सुमारे ९८ टक्के आहेत, हे ज्ञानही सहज मिळालेले नाही. १८६८ साली भारतातून दिसलेल्या खग्रास ग्रहणाच्या वेळी सूर्याच्या वर्णपटात जी पिवळी रेषा लक्षात आली, तिच्यातून हीलियमचा शोध लागला. १९२० साली मेघनाद साहांनी दिलेल्या समीकरणाच्या आधारे सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये ताऱ्यांत हायड्रोजन विपुल असल्याचे दाखवले. तात्पर्य, सर्व ग्रहांना कच्चा माल एकाच भांडारातून मिळाला. मग उत्पत्ती एक असता भेद कोठून आला?

पहिले उत्तर तापमानाचे. सूर्यानजीक चकती इतकी तापलेली होती की तेथे धातू आणि सिलिकेटी खनिजे एवढेच पदार्थ घनरूप धारण करू शकले. पाणी, अमोनिया, मिथेन हे वायुरूपातच राहिले. पृथ्वी–सूर्य अंतराच्या सुमारे तिप्पट अंतरावर तापमान उणे शंभर अंश सेल्सिअसच्या खाली गेले आणि तेथे पाण्याचा बर्फ गोठू लागला. या सीमेला हिमरेषा म्हणतात. मंगळ तिच्या आत पडतो, गुरू तिच्या बाहेर. हिमरेषेच्या आत ग्रह घडवण्यास मिळालेले घनद्रव्य मूळ मेघाच्या एका टक्क्याहूनही कमी होते. तेथले ग्रह लहान आणि जड राहिले याचे मूळ कारण हेच.

दुसरे उत्तर गुरुत्वाकर्षणाचे आणि वेळेचे. हिमरेषेबाहेर खडकांबरोबर बर्फही मिळाल्यामुळे गाभे त्वरेने वाढले. गाभा पृथ्वीच्या सुमारे दहापट झाला की तो भोवतालचा हायड्रोजन आणि हीलियम ओढून धरू लागतो, आणि जितका वायू गोळा होईल तितकी त्याची ओढही वाढते. मात्र चकतीतला वायू चिरकाल टिकत नाही. काही दशलक्ष वर्षांत तो सूर्यात पडतो किंवा उडून जातो. गुरूने ही संधी वेळेवर साधली, शनीने काहीशी उशिरा. युरेनस आणि नेपच्यून यांचे गाभे दूरच्या विरळ प्रदेशात सावकाश वाढले. ते तयार होईतो वायूचा साठा संपत आला होता. म्हणून ते पृथ्वीच्या अनुक्रमे साडेचौदा आणि सतरा पटींवर थांबले आणि त्यांच्यात हलक्या वायूंचे प्रमाण कमी राहिले. ग्रहाचा आकार जागेवर जितका, तितकाच वेळेवर ठरला.

तिसरे उत्तर आघातांचे. आतल्या प्रदेशात लहान-मोठे पिंड कोट्यवधी वर्षे एकमेकांवर आदळत होते. पृथ्वीवर मंगळाएवढा पिंड आदळला आणि उडालेल्या द्रव्यातून चंद्र घडला, हे मत आज बहुमान्य आहे. बुधाचा लोहगाभा त्याच्या त्रिज्येच्या सुमारे ८५ टक्के आहे; त्याचे खडकाळ कवच एखाद्या प्रचंड टकरीत उडाले असावे, असे मानले जाई. परंतु २०११ ते २०१५ या काळात बुधाभोवती फिरलेल्या मेसेंजर यानाला तेथे गंधक आणि पोटॅशियम यांसारखी सहज उडून जाणारी द्रव्ये अपेक्षेपेक्षा अधिक आढळली, आणि हे स्पष्टीकरण पुन्हा अडचणीत आले. मंगळ पृथ्वीच्या दशांशाएवढाच का राहिला आणि त्याच्या पलीकडचा लघुग्रहांचा पट्टा इतका क्षीण का, यांची उत्तरे गुरूच्या प्रभावात शोधली जातात. १९८८ साली आर. राजमोहन यांनी कावलूरहून शोधलेला ‘रामानुजन’ हा लघुग्रह त्याच पट्ट्यातला. गणितज्ञाचे नाव लाभलेला हा पिंड ग्रह न बनलेल्या द्रव्याचा एक अवशेष आहे.

५

ही कथा सुसंगत आहे; परंतु तिच्या सुसंगतीलाही धक्के बसले. १९९५ साली ‘५१ पेगासी’ या ताऱ्याभोवती गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा ग्रह सापडला, आणि त्याचे वर्ष अवघे सव्वाचार दिवसांचे निघाले. वायूचा महाग्रह ताऱ्याच्या इतक्या जवळ जन्मूच शकत नाही, असे हिमरेषेचा नियम सांगत होता. ग्रह जन्मस्थानी राहत नाहीत, ते सरकतात, हे त्यानंतर गांभीर्याने विचारात घेतले गेले. आपल्या गुरूनेही आरंभी स्थान बदलले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. इतर ताऱ्यांभोवती सर्वाधिक आढळणारे ग्रह पृथ्वी आणि नेपच्यून यांच्या दरम्यानच्या आकाराचे आहेत, आणि नेमका हाच आकार आपल्या सूर्यमालेत नाही. आपली सूर्यमाला हा नियमाचा नमुना आहे, हा ग्रहही सैल झाला.

या नव्या अध्यायातही बंगळूरचा वाटा आहे. लडाखमधील हान्ले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर असलेली दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण बंगळूरजवळच्या होसकोटे येथून उपग्रहसंपर्काने चालवली जाते. ‘ट्रॅपिस्ट-१’ या मंद ताऱ्याभोवतीच्या ग्रहांचा शोध २०१६ साली जाहीर झाला, त्यामागील निरीक्षणांत या दुर्बिणीचाही सहभाग होता. पुढल्या वर्षी तेथील ज्ञात ग्रहांची संख्या सात झाली. सातही साधारण पृथ्वीच्या आकाराचे. एका सूर्याभोवती बुध आणि गुरू यांच्याइतके भिन्न ग्रह, तर दुसऱ्याभोवती सात सारखे. भेद हाच सर्वत्र नियम आहे, असेही आता म्हणता येत नाही.

बंगळूरमधून नियंत्रित झालेल्या अंतराळ मोहिमांनी द्रव्याचा प्रश्न आणखी जवळून हाताळला. २००८ मध्ये निघालेल्या चांद्रयान-१ वरील एका अमेरिकी उपकरणाने चंद्रपृष्ठावर पाण्याच्या खुणा दाखवल्या. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण भागात उतरले. त्याच्या ‘प्रज्ञान’ या गाडीने सुमारे १०३ मीटर अंतर चालून २३ ठिकाणी मातीतील मूलद्रव्ये तपासली. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने बनवलेल्या त्या उपकरणाच्या नोंदी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. तेथील माती मुख्यतः फेरोअन ॲनॉर्थोसाइट या हलक्या खडकाची निघाली. नवजात चंद्र वितळलेल्या खडकाच्या महासागराने वेढलेला होता, जड खनिजे खाली बसली आणि हलकी वर तरंगून कवच झाली, या उपपत्तीला त्यामुळे आणखी आधार मिळाला. एकाच गोलाच्या आतही द्रव्य कसे वेगवेगळे होते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय. आर्यभटाच्या जलमय चंद्रापासून येथपर्यंतचे अंतर पंधरा शतकांचे आहे. आणि आर्यभटाने त्याला जलमय म्हटले म्हणून आज सापडलेल्या पाण्याचे श्रेय त्याला देणे हे त्याच्या विचाराला न्याय देणारे ठरणार नाही. चंद्र स्वयंप्रकाशी का नाही, या प्रश्नाचे ते त्याचे उत्तर होते. त्या प्रश्नाची थोरवी निराळीच आहे.

या इतिहासाचे सूत्र काय? फलज्योतिषाने ग्रहांना स्वभाव दिला आणि तो अचल मानला. सिद्धान्तकारांनी त्यांना माप दिले, पण ते एका सुंदर गृहीतावर टांगले. केतकरांनी संख्यांचा मेळ शोधला. आधुनिक उपपत्तीने या तिन्हींच्या जागी चरित्र ठेवले : ग्रह जसा आहे तसा का आहे, हे त्याचा जन्म कोठे झाला, त्याला वेळ किती मिळाला आणि त्याच्यावर कोण आदळले, यांवरून ठरते. स्वभाव म्हणून जे गृहीत धरले होते ते घडलेले निघाले. माणसाची कुंडली ग्रहांवरून मांडणाऱ्या संस्कृतीत ग्रहांचीच जन्मकथा मांडली जावी, ही केवळ ज्ञानाची वाढ नव्हे. प्रश्नाची दिशा बदलल्याची ती खूण आहे. साहित्याच्या अभ्यासकाला हा बदल अपरिचित नाही. पात्राचा गुणधर्म सांगणाऱ्या आख्यानापासून पात्राची घडण दाखवणाऱ्या कादंबरीपर्यंतचा प्रवास याच जातीचा आहे.

परंतु हे चरित्र अद्याप पुरे झालेले नाही. युरेनसला १९८६ साली व्हॉयेजर-२ ने ओझरती भेट दिली. त्यानंतर तेथे कोणतेही यान गेलेले नाही, आणि त्याच्या अंतरंगात बर्फ अधिक की खडक, याविषयी आजही मतभेद आहेत. गॅनिमीडकडे मात्र युरोपीय अंतराळ संस्थेचे ‘जूस’ हे यान १४ एप्रिल २०२३ रोजी निघाले आहे. ते २०३१ मध्ये गुरूजवळ पोहोचावे आणि २०३४ च्या अखेरीस गॅनिमीडभोवती फिरू लागावे, अशी योजना आहे. जवादी टेकड्यांवरून १९७२ च्या त्या रात्री ज्या गोलाची एक जीवा मोजली गेली, त्याचा बर्फ, खडक आणि विरळ वातावरण यांची तपासणी तेव्हा निकटून होईल. आणि त्या वेळी केलेल्या अनुमानांपैकी काय टिकते, हेही पुन्हा एकदा पाहावे लागेल.